मागून येणारीला विचारा

आमच्या गावच्या शिवेवरचं भूत सरकारी नोकर होतं. त्यामुळे ते रात्रीबेरात्री भटकत नसे. ऊन डोक्यावर आलं की कामाला लागायचं आणि सावल्या लांबायला लागल्या की थांबायचं, अशी त्याची शिस्त होती. आसपासच्या गावांत चिंचेवर, आडात, ओढ्याच्या वळणावर नाना प्रकारची भुतं होती. पण पगारी भूत एकट्या आमच्याकडं होतं, आणि गावाला त्याचा थोडा तोराही होता. लोहाऱ्याच्या बाजारात कुणी आपल्या गावच्या हडळीचं कौतुक सांगू लागलं की आमची माणसं शांतपणे तंबाखू मळत म्हणायची, आमच्याकडं अमीनसायब हायेत. मग समोरचा विषय बदलायचा.

अमीन म्हणजे निजामाच्या राज्यात जमिनी मोजणारा अंमलदार. आमच्या भागातली शेतं या एका माणसानं साखळी धरून मोजली होती, बांधांवर दगड रोवले होते, आणि पाटलाच्या शेतातही साखळी तेवढीच ताणून धरली होती, असं लोक सांगत. तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात तिथं एक काळा उभा दगड आहे. चैतातल्या एका दुपारी त्याच दगडापाशी साखळीची एक कडी निसटून पडली, आणि ती वाकून शोधता शोधता अमीनसाहेब ऊन लागून कोसळले. बैलगाडीत घालून, वरून पांढरं धोतर पांघरून त्यांना नेलं, ते परत काही आले नाहीत. पाठोपाठ राज्यच पालटलं. त्या धामधुमीत कुणी कुणाची चौकशी करावी असे दिवस नव्हते. पण पुढच्या उन्हाळ्यात कुणाला तरी भर दुपारी बांधावरून साखळी खळखळल्यासारखं वाटलं, आणि साहेब पुन्हा कामावर रुजू झाले.

ही सगळी माहिती आम्हाला गोदाआत्याकडून मिळालेली. गोदाआत्या म्हणजे दादांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती आमच्याच घरी होती, आणि घरातल्या चुलीखालोखाल तिचा मान होता. भुईमुगाच्या शेंगा फोडत ती नियम सांगायची. अमीनसाहेब समोरून येतात, मान खाली घालून, आणि विचारतात, "मेरी कडी देखे क्या?" नाही म्हटलं तर ते तुम्हाला शोधायला बसवतात. हो म्हटलं तर दाखवावी लागते. म्हणून वर न बघता, चाल न मोडता एवढंच म्हणायचं, "मागनं येणारीला इचारा." साहेबांचा सारा जन्म कचेरीत गेलेला. या टेबलावरून त्या टेबलाकडं पाठवलं तर माणसानं निमूट जायचं असतं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ते मुकाट्यानं मागच्या बाईकडं जात. आत्याच्या हिशेबानं सगळी व्यवस्था चोख होती.

अडचण एवढीच होती की कुणीतरी शेवटची असायचीच. शेतावर भाकरी घेऊन जाणाऱ्या बाया शिवेपाशी आल्या की चालणं सोडून पळायला लागत. सगळ्यात मागं राहायला नको म्हणून टोपल्यांतली पातळ माडग्याची गाडगी हिंदकळत, आणि गडी माणसं रोज कुरकुरत की आज पुन्हा निम्मंच माडगं पोचलं. पाटलाच्या धाकट्या सुनेनं त्यावर तोड काढली होती. ती शेळीला दावं बांधून मागून आणायची, म्हणजे शेवटची शेळी. साहेबांनी विचारलं तर तिला विचारावं. काही दिवस गावात शेळ्यांना भलताच भाव आला होता. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. मीही नाही.

हसू न येण्याचं कारण असं, की मी सातवी पास झाले. गावातली शाळा तिथंच संपत होती. पुढची शाळा लोहाऱ्याला, दीड कोसावर. ती भरायची सकाळी आणि सुटायची बाराला. म्हणजे परत येताना बरोबर साहेबांच्या कामाच्या वेळेला मी शिवेवर असणार. गावातून तीन पोरं जायची, पण ती सायकलवर, आणि मुलीला डबलसीट घेण्यापेक्षा त्यांना भूत परवडलं असतं. राहिले मी एकटी. गोदाआत्यानं बोटं मोडून प्रश्न मांडला: एकटी पोरगी चालली तर पहिली पण तीच आणि शेवटची पण तीच, ती कुणाकडं बोट दाखवणार? मी पाटलाच्या सुनेसारखी शेळी नेते म्हणाले. दादांनी त्यावर खरंच विचार केला. पाच तास शेळी बांधायची कुठं आणि तिला चारा कुठला, इथपर्यंत त्यांची गाडी गेली आणि तिथं अडली. दादा दुष्ट नव्हते. शिकलेली मुलगी त्यांना हवी होती, पण जिवंत हवी होती. जून गेला, आषाढ निम्मा सरला, आणि मी घरात बसून आठवीची पुस्तकं तोंडपाठ करत होते. मला इतकं वाईट वाटायचं की शेणाच्या गोवऱ्या थापताना मी त्यांच्यावर बोटानं गणितं मांडायची.

माझी माय या सगळ्यात काही बोलत नव्हती. ती अणदूरच्या पलीकडची, आईबापांना एकुलती एक. दोघं गेली तसं तिचं माहेरही गेलं. आमच्याकडं पंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. भाऊ मुळाला, म्हणजे न्यायला, यायचा आणि बहिणीला घेऊन जायचा. आठ दिवस आधीपासून गावातल्या सुना वाटेकडं डोळे लावून बसत. माय त्या आठ दिवसांत घर सारवायला काढायची, म्हणजे दारात उभं राहायला सवड नको. आणि पंचमीचा आदला दिवस त्याहून अवघड. नागचवथीला सगळ्या बाया भावाचा उपास धरतात, भावाला आयुष्य मिळावं म्हणून. गोदाआत्या दादांचा उपास असा गाजावाजा करून धरायची की दादांना स्वतःची भाकरी मोडायला संकोच वाटावा. माझ्या मायला उपास नव्हता. साऱ्या गावात त्या दिवशी जेवणारी ती एकटी बाई. ती चुलीमागं भिंतीकडं तोंड करून घाईघाईनं चटणीभाकरी खायची, आणि मी तिला पाणी द्यायला गेले की पदर पुढं ओढायची. उपाशी राहायला मिळत नाही म्हणून माणसाला इतकं दुःख होऊ शकतं हे मी तिथं पाहिलं.

त्या वर्षीच्या चवथीला सकाळी न्हाऊन, ओले केस मोकळे सोडून माय ओसरीवर आली. दादा जेवायला बसले होते, आत्या लाह्या निवडत होती. माय म्हणाली, "वन्सं, मला बी आज उपास हाय."

"कुणाचा गं?" आत्यानं वर न बघता विचारलं.

"अमीनसायबाचा."

दादांचा घास हातातच राहिला. आत्याला मात्र पहिल्यांदा शास्त्राची अडचण दिसली. "आगं सुंदरे, उपास जित्त्या भावाला धरतेत. मेलेल्याला आयुष्य मागितलंस तर त्यो हितनं कवा हलायचा?"

"ऱ्हाऊ द्या की. मला पाठीराखा न्हाय, आन त्येला तरी हितं कोण हाय?" माय दादांकडं वळली. "भाचीला मामा काय करतोय व्हय? पोरगी सोमवारपासनं शाळंला जाईल."

दादांना भुताशी वाद घालता आला असता, मांत्रिकाकडं जाता आलं असतं, पण बायकोच्या भावाविरुद्ध बोलायचं म्हणजे सरळ भांडण. इतक्या वर्षांत त्यांना कधी मेहुणा नव्हता, त्यामुळे सवयही नव्हती. ते खाली मान घालून एवढंच म्हणाले, की हेडमास्तर आता उशिरा घेतील का नाही कुणास ठाऊक. म्हणजे झालंच होतं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. आमचं वारूळ शिवेच्या पलीकडं आहे. नटूनथटून बाया दूधलाह्या घेऊन निघाल्या, आणि परतताना दुपार झाली तशी दरवर्षीसारखी ढकलाढकली सुरू झाली. माय सगळ्यांना म्हणाली, सावकाश चला, म्या मागं हाय. तिचा भाऊ असल्यावर तिला काय भीती, हे सगळ्यांना लगेच पटलं, आणि बायांचा इतक्या वर्षांचा जीव भांड्यात पडला. काळ्या दगडापाशी तिनं मूठभर लाह्या ठेवल्या आणि हळूच काहीतरी बोलली. काय ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून ती वाट चालताना मायनं शेवटचा नंबर कुणाला दिला नाही. पाटलाच्या सुनेची शेळी पुन्हा दावणीला लागली.

मी शाळेत जायला लागले. भीती वाटली का, असं माझी नात विचारते. भीती भरपूर वाटली. पहिले पंधरा दिवस मी शिवेत शिरताना एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणायची, कारण तो मला येत नव्हता आणि सगळं लक्ष त्यात लागायचं. मग हळूहळू दगडापाशी आले की "मामा, येते" म्हणायची सवय झाली. पुढं पुढं परीक्षेत किती मार्क पडले तेही सांगायला लागले. दुपारच्या उन्हात ज्वारीची पानं वाजत, कुठं एखादा होला घुमे, आणि मला खरोखर वाटे की कुणीतरी माझ्या मागं चार पावलांवर चालतंय, पण ते आपलं माणूस आहे.

दिवाळीनंतर वर्गात निबंध दिला, आमच्या गावचा इतिहास. आमच्या गावाला दुसरा इतिहास नव्हता, म्हणून मी अमीनसाहेबांवर लिहिलं. गुरुजींना तो इतका आवडला की त्यांनी मला उभं करून वाचायला लावला. त्याच वेळी शाळेतले शिपाई, सलीमचाचा, नोटीसवही घेऊन दारात आले होते. ते वही विसरून ऐकत उभे राहिले. मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बेटी, अमीनसाब तो जिंदा है. मेरे सगे मामू है उनो. पिछले जुम्मे कू उमरगे में मिलके आया. बोटी नै चबती बोलके शिकायत कररे थे."

ऊन लागलं होतं ते खरं, कडी हरवली होती तीही खरी. गाडीतून नेलं, महिनाभरात ते बरे झाले, बदली झाली, पुढं पेन्शन घेऊन उमरग्याला मुलाकडं राहिले. धोतर पांघरलं होतं ते उन्हासाठी. आमच्या गावानं त्यांना मारून टाकलं आहे याची त्यांना कल्पनाच नव्हती.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. इतके दिवस मी त्या वाटेवरून एकटीच चालत होते, आणि माझे मार्क मी एका दगडाला सांगत होते. शिवाय गोदाआत्या काय म्हणेल हे मला ऐकू यायला लागलं: अमीन उमरग्यात हाय, तर मग शिवंत हाय त्यो कोण? ओळखीचं भूत गेलं आणि त्याच्या जागी परका आला, तर माझी शाळा दुसऱ्या दिवशी बंद. तीन दिवस मी हे पोटात ठेवलं. चौथ्या संध्याकाळी माय भाकरी थापत होती, आत्या शेजारी गेली होती, तेव्हा सांगून टाकलं.

मायचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिनं ती उलटली नाही. मला वाटलं, उपास वाया गेला म्हणून तिला वाईट वाटलं असेल. मग ती म्हणाली, "जित्ता हाय? मंग पंचमीला आला कसा न्हाय?"

ती खरंच रागावली होती. मेलेल्या भावाला सगळं माफ होतं, जिवंत भावाला नव्हतं. त्या रागातच तिनं पहाटे धपाटे केले, तीळ आणि लसूण घालून, आणि निळ्या काठाच्या फडक्यात बांधून सलीमचाचांकडं द्यायला माझ्या दप्तरात ठेवले. निरोप असा: तुमची एक बहीण हाय. तिनं तुमचा उपास धरला. मूळ आलं न्हाय. आणि दारापर्यंत जाऊन परत वळून म्हणाली, दात नसले तर दह्यात भिजवून खा म्हणावं. सलीमचाचांनी पुढच्या आठवड्यात येऊन सांगितलं, की मामूनं सगळं ऐकून घेतलं, धपाटे खाल्ले, फडकं मात्र परत दिलं नाही. मायनं त्यावर एवढंच विचारलं, की सगळे खाल्ले का.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी नंतरचं सांगून टाकते, कारण शेवटी मला मायपाशी थांबायचं आहे. माझी शाळा बंद झाली नाही. अमीनसाहेब जिवंत असल्याचं साऱ्या गावाला कळलं तेव्हा आत्यानं तो अपेक्षित प्रश्न विचारलाच, आणि मायनं उत्तर तयार ठेवलं होतं: मोजणी अर्धी ऱ्हायली, म्हणून अर्धा जीव हितं ऱ्हायलाय. आत्याला ते फार आवडलं. मरेपर्यंत ती सांगत होती, की साहेबांचं घर उमरग्याला आणि कचेरी आमच्या शिवेवर. मी शिकले, मास्तरीण झाले, निवृत्त झाले. आता त्या वाटेवर शेअर जीप धावतात. मागच्या महिन्यात मी गेले तर ड्रायव्हर तक्रार करत होता, की दुपारच्या खेपेला या रस्त्यावर मागच्या सीटवर कुणी बसायलाच तयार नसतं. मी बसले.

तर पुढच्या वर्षीची पंचमी. चवथीला मायनं पुन्हा उपास धरला, पण या वेळी गुमसुम. सारवणही काढलं नाही. दोनतीनदा उगाच दारात जाऊन आली. कुणी आलं नाही. पंचमीला आम्ही वारुळाला गेलो. आमच्याकडं त्या दिवशी चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. घरी पुरणाची दिंडं उकडून तयार होती आणि सगळ्यांना जेवणाची घाई होती. सूर्य डोक्यावर आलेला. बांधावरून एकामागं एक वीसबावीस बाया, सगळ्यात पुढं गोदाआत्या, शेवटून दुसरी मी, आणि माझ्या मागं माय.

काळा दगड दिसायला लागला आणि समोरून आवाज आला. खळ्‌, खळ्‌, खळ्‌. अगदी आत्या सांगायची तसा. मग ज्वारीच्या वर एक काळी छत्री दिसली, छत्रीखाली पांढरा अंगरखा, पांढरा पायजमा. उंच, वाकलेला म्हातारा बांधावरून सरळ आमच्याकडं येत होता. ज्या बांधांवर स्वतः दगड रोवले तिथं त्याला वाट विचारायची गरज नव्हती, घर तेवढं विचारायचं होतं. तो आत्यासमोर थांबला, छत्री बाजूला घेतली आणि अदबीनं म्हणाला, "बाई, जरा सुनना."

गोदाआत्यानं मान वर केली नाही. "मागनं येणारीला इचारा," म्हणाली आणि साठीच्या बाईला शोभणार नाही अशा वेगानं चालायला लागली. दुसरीनं तेच सांगितलं. तिसरीनं तेच. पाटलाच्या सुनेचं दूध सांडलं, पण शब्द चुकला नाही. प्रत्येकीपुढं तो म्हातारा थांबायचा, तोंड उघडायचा, आणि उत्तर ऐकून पुढं सरकायचा. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नोकरीची सवय असणार. मला हसू फुटत होतं, आणि मी मनात एकोणतीसचा पाढा सुरू केला. तो माझ्यापुढं आला तेव्हा मला त्याच्या हातातली पिशवी दिसली. पिशवीच्या तोंडाला निळ्या काठाचं फडकं बांधलेलं, आणि आत काचेची काकणं खळखळत होती.

माझ्याही तोंडून, सवयीनं, तेच निघालं. "मागनं येणारीला इचारा."

तो मायपुढं उभा राहिला. मायनं फडकं ओळखलं. तिच्या मागं बांध रिकामा होता, वारुळापर्यंत कुणी नव्हतं. वर्षभराचा राग ती कुठं ठेवून आली होती कुणास ठाऊक. पदर नीट करून ती म्हणाली, "म्या शेवटची हाय. माझ्या मागं कुणी न्हाय. काय हुडकायलाव?"

म्हाताऱ्यानं छत्री तिच्या डोक्यावर धरली. "भैन का घर," तो म्हणाला. "एक दिन देर हो गई."

पुढं गेलेल्या बाया लांब ओढ्यापाशी थांबून बघत होत्या. बांध अरुंद, दोघांना शेजारी चालता येईना. मायनं डोळे पुसले आणि शेवटी राहण्यासाठी सवयीनं बाजूला सरकली. अमीनसाहेबांनी मान हलवून तिला पुढं व्हायला सांगितलं. त्या दिवशी त्या वाटेवर माय पहिल्यांदा पुढं चालली, मागं वळून न बघता, आणि तिच्या मागून चार पावलांवर काकणं खळखळत येत राहिली.